घरी राहिलेला ळ

एक गोष्ट मी गेल्या वर्षापर्यंत कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. तो सिनेमा मी सात वेळा पाहिला होता. तिकीट काढून, एकट्याने, दुपारच्या खेळाला. आणि सातही वेळा मला तो मनापासून आवडला होता.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते, म्हणून लगेच सांगून टाकतो. ज्या पत्रामुळे त्या सिनेमाची गावभर टिंगल झाली, ते सायंदैनिकातलं पत्र मी लिहिलं होतं. खाली सही होती ‘एक शुद्धभाषाप्रेमी’. त्या पत्राने एकीचं गाणं बंद पडलं. ती कसबा पेठेत आमच्याच गल्लीत राहायची, आजही राहते, आणि तेहतीस वर्षं मी तिच्या समोर जाऊन काहीच न बोलता परत येत होतो.

सिनेमाचं नाव लिहीत नाही. पुण्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही ‘तो गाण्यांचा’ एवढं म्हटलं तरी पुरतं. एकवीस गाणी होती त्यात. नायक गुरांचा डॉक्टर, तो म्हशीला तपासताना गायचा. फौजदार पंचनामा गाऊन सांगायचा आणि दोन हवालदार मागे ‘लिहिला, लिहिला’ म्हणत साथ धरायचे. नायिकेची आई मरताना आठ मिनिटं गायची. तिने सुरुवात केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजलेले असत आणि संपवलं तेव्हा सव्वानऊ. काश्मीर लोणी काळभोरच्या शेतात उभं केलं होतं. पिंजलेला कापूस पसरून बर्फ केला होता, आणि नायक-नायिका त्या बर्फात एकमेकांकडे धावत असताना मधून एक बैल सावकाश निघून जायचा. तो तसाच ठेवला होता. पुन्हा एवढा कापूस पसरायची ताकद बहुधा कुणात उरली नसावी.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. आमच्या घरात जेवताना मीठ मागायचं तरी माणसं आधी विचार करायची. वडील दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलत, त्यातली निम्मी ‘बरं’ अशी. रागसुद्धा आमच्याकडे ताट जरा जोरात सरकवण्याइतकाच असायचा. आणि तिकडे पडद्यावर म्हशीला ताप आला तरी माणसं पंचमात गात होती. कुणालाही कसलीही लाज वाटत नव्हती. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलो, हे खरं. दुसऱ्यांदा हसू येईना. तिसऱ्या वेळेपासून मी त्या अंधारात अगदी सुखाने बसू लागलो.

शिवाय आवाज आपाचा होता.

आपा म्हणजे आमच्या गल्लीतल्या पुस्तकांच्या बाइंडिंगवाल्यांची थोरली मुलगी. त्यांची चार पिढ्यांची वस्ती पेठेतली. घरात हिंदी, दुकानात मराठी, आणि ती मराठी अशी की माझ्या आईने मला सांगावं, ‘बघ, तिच्यासारखं बोलावं.’ सगळी गल्ली तिला आपाच म्हणायची. ती गाणं शिकायची बाईंकडे, आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. बाई उच्चारांच्या बाबतीत कर्दनकाळ होत्या. कुणा शिष्याच्या तोंडून ‘कमळ’चं ‘कमल’ झालं की पेटी थांबायची आणि शांतपणे प्रश्न यायचा, “ळ घरी ठेवून आलास का?” खालच्या खोलीत अभ्यास करताना ते वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. आपाला ते कधीच ऐकावं लागलं नाही. तिचा ळ पडायचा तो पाट्यावर वरवंटा ठेवल्यासारखा.

म्हणूनच त्या गाण्यात मी दचकलो होतो. कापसाच्या बर्फात नायिका नायकाला लग्नाची गळ घालते. शब्द होते, ‘घाल ना गळ्यात माळ’. आपाच्या आवाजात पडद्यावरून ऐकू येत होतं, ‘घाल ना गल्यात माल’. एकदा नाही, प्रत्येक कडव्यानंतर. दुसऱ्या खेळाला मी ठरवलं की या माणसांच्या जगात ळ लागतच नसेल. तिसऱ्या खेळाला मी त्या ओळीची वाट बघत होतो.

मग एक दिवस कॉलेजजवळच्या अमृततुल्यात आमचा घोळका बसला होता. सिनेमाची चिरफाड चालली होती. कुणी बैलाची नक्कल केली, कुणी आईच्या मरणाची. मीही हसलो. तेवढ्यात एकजण माझ्याकडे वळून म्हणाला, “तू परवा तिथून बाहेर पडताना दिसलास म्हणे. सोमवारीपण दिसलास म्हणे.”

“बहिणीला घेऊन गेलो होतो,” मी म्हणालो.

“तुला बहीण आहे?”

मला बहीण नव्हती. सगळे हसले. तो विषय तिथेच संपला असता. चहा संपला की लोक विसरले असते. पण मी नाही. आवडलं म्हणून पकडला गेलो तर चार वर्षं हे मला म्हशीचा डॉक्टर म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. घरी आलो आणि त्याच संध्याकाळी पत्र लिहायला बसलो. आपण मुळीच प्रेमात नाही, हे दाखवायला मला चांगलं झोंबणारं काहीतरी हवं होतं. वरच्या मजल्यावर शिकवणी चालू होती.

पत्र मला अजून शब्दन् शब्द येतं. ‘सदर गीतात नायिका नायकास गळ्यात माळ घालण्यास सांगते की गल्ल्यात माल, हे समजत नाही. व्यापारी पेठांतील प्रेक्षकांची यामुळे सोय झाली असली तरी इतरांचे हाल होतात. गायिका ळ घरी ठेवून आल्या असाव्यात. निर्मात्यांनी माणूस पाठवून तो मागवून घ्यावा, म्हणजे पुढचे खेळ तरी सुधारतील.’

दोन दिवसांनी छापून आलं. घोळक्यात मीच वाचून दाखवलं, दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय असं सांगून. सगळे लोळले. माझी सुटका झाली.

आठवड्याभरात ते गावभर झालं. सिनेमा खरं तर उतरणार होता, तो पत्रामुळे तिसऱ्या आठवड्यात गेला. लोक ती एक ओळ ऐकायला येऊ लागले. ‘माल’ला दुसराही एक अर्थ आहे आणि तो नाक्यावरच्या पोरांना आधी सुचला. आपा रस्त्याने चालली की मागून ‘घाल ना’ ऐकू यायचं. दुकानात लोक बांधणीचं कापड निवडताना तिच्या वडिलांना विचारायचे, “निलं आहे का हो, निलं?” आणि आपापसात बघायचे. काहीजण समजूतदारपणे म्हणायचे, “अहो, त्यांना कसा यायचा ळ? त्यांचा काय दोष?” हे मला सगळ्यांत जास्त लागायचं. मी पत्रात तसं काही लिहिलं नव्हतं, पण ते तसंच वाचलं जाईल हे न कळण्याइतका मी लहानही नव्हतो. तिचा ळ कसा आहे ते माहीत असलेल्या माणसांपैकी मी एक होतो. मी कुठेही बोललो नाही.

महिन्याभरात आपाचं बाईंकडे येणं थांबलं. पुढे कधीच ती कुठे गायली नाही.

मग मी काय केलं? पुस्तकं बांधून घेतली. नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर, कोथरूडला राहायला गेल्यावरही. वडिलांच्या मागे दुकान आपाच बघत होती. दर दोन-तीन महिन्यांनी मी एखादं पुस्तक घेऊन कसब्यात जायचो, आज सांगून टाकू असं ठरवून. ती पुस्तक उलटंपालटं करून बघायची. एकदा म्हणाली, “याला काय झालंय? याची शिवण तर माझ्या गुडघ्यांपेक्षा मजबूत आहे.” मी म्हणालो, “तरी बांधून टाक.” ती बांधून द्यायची. माझ्या घरी दोन कपाटं भरून कापडी पाठीची पुस्तकं आहेत, त्यातली कित्येक न फाटता बांधलेली.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने जेवताना मोबाइलवर काहीतरी लावलं आणि मी जेवायचा थांबलो. फौजदार पंचनामा गात होता.

“बाबा, हा पिक्चर बघितलायस? इतका बॅड आहे ना, की एकदम कल्ट आहे. आमच्या ऑफिसातले सगळे वेडे झालेत.”

“ऐकलंय त्याच्याबद्दल,” मी म्हणालो.

मग तिने मला त्याच्या खेळाला नेलं. तिच्या ओळखीच्या काही मुलामुलींनी एक छोटा हॉल घेतला होता, रविवारी सकाळी. सगळे सोबत गाणार, असा तो प्रकार. घरून कापूस आणायला सांगितलं होतं. काश्मीर आलं की उधळायचा. कुणीतरी पुठ्ठ्याचा बैल केला होता आणि बैलाची वेळ झाली की तो दोघंजण पडद्यापुढून नेणार होते. मला वाटलं होतं ही मुलं टिंगल करायला जमली असतील. तसं नव्हतं. आई मरताना ती आठही मिनिटं मुलं तिच्याबरोबर गात होती, हातात हात घालून. मीही गात होतो. हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मुलगी पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

“बाबा, तुला हे पाठ आहे?”

“थोडंसं.”

“थोडंसं? तू हवालदारांचंपण म्हणालास.”

मध्यंतरात आयोजकांपैकी एक मुलगा पुढे आला आणि त्याने पडद्यावर एक कात्रण लावलं. माझं पत्र होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं. टाळ्या पडल्या. “हा शुद्धभाषाप्रेमी कोण होता कुणालाच माहीत नाही, पण माणूस लेजंड आहे,” तो म्हणाला. मग त्याने सांगितलं की पुढच्या खेळाला त्यांना गायिकेला बोलवायचंय, त्या पुण्यातच असतात असं कळलंय, कुणाला पत्ता माहीत असेल तर सांगावा.

माझ्याशिवाय तिथे तो कुणालाच माहीत नव्हता. पण ही मुलं हुशार आहेत, आठ दिवसांत शोधून काढतील, आणि ते कात्रण घेऊन हसतमुखाने तिच्या दुकानात उभी राहतील, हे मला स्पष्ट दिसलं. त्यांच्या आधी मला पोचायला हवं होतं.

सोमवारी रजा टाकून गेलो. दुकानात ती एकटीच होती. कुणाच्या तरी प्रबंधाच्या चार प्रती समोर, शेजारी खळीचा डबा, हातात ब्रश. साठी ओलांडली आहे तिने, पण पुठ्ठ्यावर खळ लावताना हात अजून एका रेषेत जातो.

“आज काय आणलंस?”

“आज काही नाही.”

“मग बस. पंखा इकडे फिरवू नकोस, कागद उडतात.”

मी बसलो. घरून निघताना सगळं मनात नीट जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य सापडेना.

“आपा, ते पत्र मी लिहिलं होतं.”

“कुठलं?”

तेहतीस वर्षांत मी तिचे सगळे संभाव्य प्रश्न कल्पून ठेवले होते. हा त्यात नव्हता.

“ळ घरी ठेवून आल्या असाव्यात,” मी म्हणालो.

ब्रश पुठ्ठ्यावरच थांबला.

“तू?”

“मी.”

“सगळं?”

“सगळं. माणूस पाठवून मागवून घ्यावा, तेही.”

खळ सुकेल म्हणून तिने पुठ्ठा पुरा केला, कापड ओढून बसवलं, पुस्तक शिकंज्यात घातलं आणि चाक फिरवून आवळलं. मग हात धुतले. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाली, “म्हणजे बाईंनी नव्हतं लिहिलं.”

मला कळेना. “बाईंनी?”

“अरे, ते वाक्य कुणाचं? अख्ख्या पेठेत दुसरं कोण बोलायचं तसं? सात वर्षं शिकले त्यांच्याकडे, एकदाही मला म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, तोंडावर नाही म्हणवलं, म्हणून पेपरात म्हणाल्या.”

वाक्य मी वरच्या मजल्यावरून उचललं होतं, हे मला माहीत होतं. ते कुणाचं म्हणून ओळखलं जाईल, हा विचार त्या संध्याकाळी शिवलाही नव्हता, आणि नंतरही कधी नाही. नाक्यावरच्या पोरांमुळे तिने गाणं सोडलं असं मी धरून चाललो होतो.

“पोरांचं काय एवढं,” ती म्हणाली. “दोन महिन्यांनी त्यांना दुसरं काही मिळालं असतं. बाईंमुळे सोडलं मी. तीनदा आल्या होत्या रे दुकानात. मी आत बसून अब्बांना सांगायला लावायची, घरी नाही म्हणून. तिसऱ्या वेळी बाहेरून म्हणाल्या, ‘तिला सांगा, मी सिनेमातलं ऐकलंय, मला काही म्हणायचं नाही.’ आत बसून मी म्हटलं, बरोबर आहे, पेपरात म्हणून झालं, आता काय म्हणायचं राहिलं.”

बाई जाऊनही आता अकरा वर्षं झाली.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. “थांब. तुझ्यावर चिडायचंय मला, पण ते नंतर. आधी मला हे नीट बसू दे.” ओढणीच्या टोकाने तिने डोळे पुसले आणि लगेच हसायला लागली. “बाईंनी नव्हतं लिहिलं. अल्ला. एवढी वर्षं मी त्या जिन्याकडे बघितलं नाही. आणि लिहिणारा हा, खालच्या खोलीतला.”

“चीड ना,” मी म्हणालो.

“तुझ्यावर काय चिडायचं? तू वीस वर्षांचा गाढव होतास. आता त्रेपन्न वर्षांचा आहेस, एवढाच फरक. गाढवाची लाथ बसली तर माणूस लंगडतो, पण मनाला लावून घेत नाही. मी बाईंची समजून लावून घेतली.”

छातीवरून काहीतरी उतरलं असं लोक म्हणतात ते मला नेहमी पुस्तकी वाटायचं. माझं पोटातून उतरलं. मला एकदम सडकून भूक लागली. तिने समोरून दोन वडापाव मागवले.

खाताना मी विचारलं, “पण आपा, तू ल का म्हटलंस?”

“मी कुठं म्हटलं? म्हणायला लावलं. मुंबईहून संगीतकार आले होते. म्हणाले, ळ कानाला टोचतो, आवाज मधाळ पाहिजे. मी म्हटलं, मग ‘मधाल’ म्हणा. ते चिडले. दुसरी मुलगी बोलावू म्हणाले. मग म्हटलं ल.” तिने हात झटकले. “तू का एवढा खवळला होतास त्या सिनेमावर?”

“खवळलो नव्हतो. सात वेळा पाहिला.”

“सात? काय होतं त्यात?”

“तू होतीस. आणि बैल.”

“कुठला बैल?”

तिने तो सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. मी मोबाइलवर काश्मीर लावलं. दुकानाच्या टेबलाला टेकून आम्ही दोघांनी ते गाणं पाहिलं. बैल आला तेव्हा ती इतकी हसली की प्रबंध न्यायला आलेला विद्यार्थी दारातच थांबला. “बघ, तो बैल एकटाच सुरात चाललाय,” ती म्हणाली. मग स्वतःचा वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीचा आवाज तिने पूर्ण ऐकला, मान हलवत, एका ठिकाणी ‘हं, इथे श्वास चुकला’ असं पुटपुटत. मी मुलांच्या आमंत्रणाचं सांगितलं. ती म्हणाली, “येईन. पण ‘ल’नेच म्हणेन. पोरांना तसंच पाठ आहे ना? त्यांना कशाला गोंधळात पाडायचं.”

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, सात वेळा? आणि मला म्हणायचात गाण्यांच्या सिनेमाला डोकं दुखतं.” पत्राबद्दल ती दुसऱ्या दिवशी खरमरीत बोलली, आणि ते बोलणं बरोबरच होतं. मुलीलाही सांगितलं. तिने त्या मुलांना फोन करून ते कात्रण पुढच्या खेळातून काढायला लावलं. कारण सांगितलं नाही. ते मी सांगायचं, असं ती म्हणाली, आणि मी सांगितलं. एवढं बोलायची सवय नाही मला. पण गेले काही महिने मी सकाळी उठतो तेव्हा आधी आठवायचं असं काही नसतं. ते किती हलकं आहे हे तेहतीस वर्षं न उचललेल्याला कळायचं नाही.

त्या सोमवारी दुकानातून निघताना आपाने मला एक पत्ता दिला होता. बाईंची मुलगी विश्रांतवाडीला असते. बाई गेल्या तेव्हा ती कुणाजवळ तरी म्हणाली होती, आईने जिला जीव लावला ती दुखवट्यालाही आली नाही. ते फिरत फिरत आपापर्यंत आलं होतं.

“मी तुझ्याबरोबर येणार नाही,” आपा म्हणाली. “आधी तू जा आणि सांग. तू सांगितलंस की मग मी जाईन. माझ्या तोंडून ते निमित्त वाटेल.”

तेवढं एक राहिलंय, मी अजून गेलेलो नाही. बाईंचं वाक्य मी चोरलं, ते वापरून त्यांच्या लाडक्या शिष्येला दुखावलं आणि तो दोष त्यांच्यावर राहिला, हे त्यांच्या मुलीसमोर बसून सांगणं मी देणं लागतो.